सोळावी जागा

माझी मावशी आयुष्यात एकदाही जहाजात बसलेली नाही, आणि तरी पंधरा मजल्यांच्या जहाजावर कुणी हरवलं की ते फोन मावशीलाच करतात. खरंच. माझ्यासमोर एकदा एका आजोबांचा फोन आला होता, घाबरून गेले होते बिचारे.

"केबिनताई, मी एका लांबच्या लांब बोळात उभा आहे, दोन्हीकडे नुसती दारंच दारं, आणि बायको कुठे गेली माहीत नाही!"

मावशीने डोळे मिटले. "आजोबा, आधी श्वास घ्या. पायाखाली गालिचा बघा. मासे काढलेत ना त्यावर? त्यांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत?"

"उजवीकडे."

"मग उजवीकडे जहाजाचं पुढचं टोक. तुमची खोली मागे आहे. माशांच्या शेपटीकडे चालायला लागा. अग्निशामक नळाची लाल पेटी लागली की तिथून चौथं दार. आजी आतच असतील, बॅग उघडून बसल्या असतील."

आणि आजी खरंच बॅग उघडून बसल्या होत्या!

तर अशी माझी मावशी, लोकांची केबिनताई. आईची मोठी बहीण, आमच्याच मजल्यावर समोरच्या दारात राहते. ट्रॅव्हल ऑफिसात नोकरी. खाली चष्म्याचं दुकान, वर एका लांबट खोलीत चार टेबलं. पहिलं विमानाच्या तिकिटांचं, दुसरं व्हिसाचं, तिसरं हॉटेलांचं, आणि पार कोपऱ्यात, पाण्याच्या कूलरला चिकटून, क्रूझचं. ते मावशीचं. सतरा वर्षं एकच खुर्ची, तिचं एक चाक तुटलेलं, त्यामुळे मावशी कायम किंचित डावीकडे कललेली असते. काका, म्हणजे तिचा नवरा, म्हणतात, "बघ, हिला ऑफिसातच बोट लागते."

टेबलावर काच, काचेखाली जहाजांचे नकाशे, एकेक मजला वेगळा. त्यावर मावशीने रंगीत पेन्सिलींनी खुणा केल्यात. लाल म्हणजे वर नाचायचा हॉल, रात्रभर धाड धाड. निळा म्हणजे खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली, समुद्र दिसणारच नाही. पिवळा म्हणजे डोळे झाकून घ्या. ही माहिती कंपनीच्या कुठल्याच कागदावर नाही हं. परत आलेल्या प्रत्येक माणसाला बसवून, त्याला चहा पाजून, विचारून विचारून तिने गोळा केलीये. झोप लागली का? पाण्याला दाब होता का? बाजूच्या खोलीतलं ऐकू यायचं का? लोक फोटो दाखवायला यायचे आणि ही त्यांना नळाबद्दल विचारायची.

आणि तिचं खरं काम म्हणजे ग्रुप. आठ खोल्यांचा ग्रुप जमवला की कंपनी डिस्काउंट देते, वर आणखी लाड करते. पहिल्या दिवशी ग्रुपसाठी वेगळी पार्टी, जेवायला सगळ्यांची टेबलं जवळजवळ, प्रत्येक खोलीला जहाजावर खर्चायला कूपन, एक मोठा फ्रेम केलेला फोटो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पंधरा जणांनी पैसे भरले की सोळावी जागा फुकट. ती जागा खरं तर ग्रुप जमवणाऱ्याची असते. सगळीकडे तशीच पद्धत आहे. दुसऱ्या ऑफिसांत त्या जागेवर मालकाचा मेव्हणा जातो, गळ्यात ओळखपत्र घालून, आणि आठ दिवस नुसता खातो.

पण मावशीच्या ऑफिसातून कुणीच जायचं नाही. मालकांनी सुरुवातीलाच गिऱ्हाईक ओढायला एक युक्ती काढली होती. प्रत्येक ग्रुपला मावशी एक पत्र पाठवते, आठ ओळींचं. त्यातली सातवी ओळ अशी: "ग्रुपला मिळणाऱ्या मोफत जागेचा फायदा सर्व सभासदांत सारखा वाटला जाईल." म्हणजे सोळा जण जाणार, भाडं पंधरांचंच, आणि प्रत्येकाला थोडं थोडं स्वस्त. लोक खूश. सतरा वर्षांत मावशीने एक्केचाळीस ग्रुप पाठवले. एक्केचाळीस वेळा तिची जागा सोळा तुकडे करून वाटून टाकली आणि तिला त्यात कधी काही वाटलं नाही, निदान बोलली तरी नाही.

मग ह्या वर्षी मालकांनी तिला बोलावलं. मी तिथेच होते, कॉलेज सुटलं की मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसते, तिथे एसी आहे आणि कुणी काही विचारत नाही.

मालक वाईट माणूस नाही. बोलताना टेबलावरचा स्टेपलर सारखा उघडबंद करत होते. "ताई, आता लोक फोनवरच सगळं करतात. खोली बघतात, बटण दाबतात, झालं. हे टेबल मला झेपत नाही हो. हा ग्रुप शेवटचा. मग तुम्ही हॉटेलांच्या टेबलावर बसा, पगार तोच."

मावशी म्हणाली, "बरं."

बस. बरं! मला इतका राग आला ना! मग मालकच पुढे म्हणाले, "आणि असं करा, ह्या वेळी ग्रुपबरोबर तुम्ही जा. सोळावी जागा तुमची. तुमचा हक्कच आहे तो खरं तर."

मावशी जागेवर आली, काचेवरून हात फिरवला, सातव्या मजल्यावर एका पिवळ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि मला म्हणाली, "ही. हिला बाल्कनी आहे."

घरी आल्यावर काकांनी ऐकलं तर त्यांनी आधी पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं. काका फ्रिज दुरुस्त करतात. त्यांना पाळण्यावरसुद्धा मळमळतं, त्यामुळे ते जाण्याचा प्रश्नच नव्हता. "जहाज बुडलं तर ग्रुप डिस्काउंट मिळतो का गं?" असलं काहीतरी बोलले, मावशीने "तोंड बंद" म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते एक सुटकेस घेऊन आले. निळी, चार चाकांची. घरात जागा नाही म्हणून ती पलंगाच्या पायथ्याशी उभी, आणि काका येता जाता तिला एका बोटाने ढकलून दाखवायचे. "बघ, वाऱ्यावर चालते." आई म्हणाली, "भावजी, तिला झिजवू नका, तिला परदेशी जायचंय!"

ग्रुप जमायला अडीच महिने लागले. हेडसर म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्या ओळखीतून बरीचशी माणसं आली. ते आणि त्यांची बायको, एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, एक हार्डवेअरवालं जोडपं, अशी सात जोडपी. चौदा. पंधरावी एक निवृत्त नर्स, सगळे तिला सिस्टर म्हणतात. एकटीच. आणि मोठ्या आवाजाची. ऑफिसात आली तेव्हा व्हिसाच्या टेबलावरचा माणूसपण काम सोडून ऐकत होता.

"केबिनताई, मी आधीच सांगते, मी घोरते. साधं नाही, इंजिन. वॉर्डातले पेशंट शुद्धीवर यायचे. माझ्याबरोबर खोलीत कोण राहणार ते तुम्ही बघा बाई."

मावशी हसली. "आहे एकजण. तिला चालेल."

"बहिरी आहे का?"

"नाही. पण तिला झोपायला वेळ होणारच नाही."

तिने सिस्टरला सांगितलं नाही की ती एकजण आपणच. कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला शेवटच्या मीटिंगमध्ये सांगायचं होतं, सगळे जमतील तेव्हा, की मी पण येतेय हं. ह्याची तिने प्रॅक्टिससुद्धा केली होती, मला माहितीये, कारण भांडी घासताना तिचे ओठ हलत होते. आणि कागदावर, सोळाव्या नावाच्या जागी, तिने पेन्सिलने एक छोटी टिकली काढून ठेवली होती. नाव नाही. नाव लिहायला लाजत होती ती. स्वतःचं नाव!

मी तिला म्हटलं होतं की अगं टाक ना लिहून. तर म्हणाली, "सोमवारी नावांची यादी कंपनीला जाते ना, तेव्हा लिहीन. घाई काय आहे."

आणि गुरुवारी हेडसरांचा फोन आला.

मी समोर बसले होते, मावशीने स्पीकर लावला होता कारण ती एकीकडे पासपोर्टचे नंबर तपासत होती. हेडसर पत्रं वाचताना ओळीखाली पट्टी धरतात, हे मला नंतर कळलं. फोनवर पण तसंच बोलत होते, एकेक ओळ.

"ताई, तुमचं पत्र मिळालं. अतिशय व्यवस्थित. एक विचारायचं होतं. आम्ही पंधरा आहोत आणि सोळावी जागा अजून भरलेली दिसत नाही. माझी मेहुणी यायला तयार आहे. ती पैसे भरेल, आणि मग तुमच्या सातव्या ओळीप्रमाणे मोफत जागेचा फायदा सगळ्यांत वाटला जाईल. बरोबर ना?"

मावशीच्या हातातलं पेन थांबलं.

तिने खण उघडला, पत्राची प्रत काढली. मी पण वाकून पाहिलं. सातवी ओळ. तीच. तिने दरवेळी करते तसं मागच्या ग्रुपचं पत्र उघडलं होतं, तारीख बदलली, जहाजाचं नाव बदललं, खोल्यांचे नंबर बदलले, तीनतीनदा तपासले. आणि सातवी ओळ तिने सतरा वर्षांत वाचलेलीच नव्हती, ती तिथे असायचीच. ती काढायची असते हे तिच्या हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. सही करून पंधरा पाकिटं तिने स्वतःच्या जिभेने चिकटवून पाठवली होती.

मी जोरजोरात मान हलवत होते. सांग! सांग त्यांना चूक झाली! एक वाक्य, मावशी, एकच वाक्य!

"ताई? आहात का?"

"हो सर," मावशी म्हणाली. "लिहिलंय तसंच होईल."

फोन ठेवल्यावर मी अक्षरशः ओरडले. कूलरपाशी ग्लास भरणारा हॉटेलांच्या टेबलावरचा माणूस दचकला. मावशी म्हणाली, "हळू बोल." मग म्हणाली, "पत्रात लिहिलंय ना."

आता तुम्हाला कळायला हवं की मावशीच्या पत्राला काय किंमत आहे. एकदा कंपनीने ऐनवेळी एका ग्रुपच्या दोन खोल्या बदलल्या होत्या, बाल्कनीच्या जागी लाइफबोटवाल्या. मावशी चार दिवस फोनवर भांडली. जेवायची पण फोन कानाला लावून. "मी पत्रात लिहिलंय," एवढंच म्हणत होती, दुसरा मुद्दाच नाही, आणि चौथ्या दिवशी कंपनीने कंटाळून खोल्या परत दिल्या. लोक ह्या शहरात तिच्याकडे येतात ते त्या पत्रासाठी. आणि आता त्याच पत्राने तिला धरलं होतं.

ती मालकांकडे गेली. म्हणजे मी ढकललं म्हणून गेली. मालकांनी पत्र दोनदा वाचलं, स्टेपलर उघडला, बंद केला.

"ताई, हे... ऑफिसच्या कागदावर आहे. सही तुमची आहे."

"हो."

"पंधरा जणांकडे गेलंय."

"हो."

"मी काय करू सांगा. तुम्ही म्हणत असाल तर मी फोन करतो हेडसरांना, पण ते पट्टी घेऊन बसतील. वर उद्या कुणी बाहेर बोललं की शेवटच्या ग्रुपला फसवलं..."

"नको, नको. फोन नको," मावशीच घाईघाईने म्हणाली, जणू चूक मालकांच्या हातून झालीये आणि तिला त्यांना सावरायचंय.

स्वतः पैसे भरून जायचं? मी विचारलं, तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच गप्प झाले. तेवढ्यात माझी कॉलेजची दोन वर्षं निघतात. आणि तसंही ग्रुपच्या आठ खोल्या, सोळा पलंग. सतरावा पलंगच नाही.

घरी काकांना तिने जेवताना सांगितलं, असं सांगितलं जसं काही दूध नासलं. काकांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तू नाही जात?" "नाही." मग काकांनी उठून सुटकेस भिंतीकडे तोंड करून फिरवली. का माहीत नाही. सुटकेसला कुठे तोंड असतं!

आणि आता ते, जे मी करायला नको होतं.

शुक्रवारी मी कॉलेज बुडवलं आणि हेडसरांच्या घरी गेले. पत्ता मला फायलीतून माहीत होता. त्यांच्या बायकोने दार उघडलं, बसवलं, पाणी दिलं. हेडसर वर्तमानपत्राची घडी घालत होते, कोपऱ्याला कोपरा. मी काही प्रस्तावना केलीच नाही, एका दमात सगळं सांगून टाकलं, टिकली, सुटकेस, सातवी ओळ, सतरा वर्षं, आणि मध्येच रडले पण.

हेडसर इतके हादरले ना. मला वाटलं होतं ते ओरडतील, मग मला भांडता आलं असतं. पण ते म्हणाले, "अरेरे. अहो, मग त्या बोलल्या का नाहीत? मी विचारलं होतं त्यांना. स्पष्ट विचारलं होतं."

"ती नाही बोलत सर. ती अशीच आहे."

"पण आता काल संध्याकाळीच मी मेहुणीला हो सांगितलं." ते बायकोकडे बघायला लागले. बायको हळूच म्हणाली, "तिने आज सकाळी रजा मंजूर करून घेतली. दवाखान्यात रिसेप्शनला असते ती. तीन वर्षांत पहिली रजा आहे तिची. आनंदाने रडली फोनवर."

मी त्या मेहुणीचा मनातल्या मनात इतका द्वेष करून आले होते, आणि आता तीही रडत होती! मी कुणाशी भांडू?

हेडसर म्हणाले, "थांब. हा निर्णय मी एकट्याने घेणं योग्य नाही. सगळ्यांसमोर ठेवू."

मी म्हटलं, हो, ठेवा. मला वाटलं सगळे म्हणतील या ताई, आणि सिनेमासारखं होईल. मूर्ख मी.

संध्याकाळी मावशी डाळ निवडत होती आणि तिचा फोन वाजायला लागला. टिंग. टिंग टिंग. ग्रुपचं चॅट, त्यात मावशी पण होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हेडसरांनी भलामोठा मेसेज टाकला होता, मुद्दे एक ते पाच. मुद्दा तीनमध्ये लिहिलं होतं, "ताईंच्या भाचीने डोळ्यांत पाणी आणून सांगितले की..."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं.

खाली एकेक उत्तर येत होतं आणि आम्ही दोघी बघत होतो.

दातांचे डॉक्टर: "केबिनताई आल्याच पाहिजेत! प्रश्नच नाही."

त्यांची बायको: "हो हो. पण मग फायदा वाटणार होता त्याचं काय? सहज विचारते."

हार्डवेअरवाले: "आम्ही डिस्काउंट धरून बॅगा घेतल्या. पण ठीक आहे. बघा सगळे काय म्हणतात."

कुणीतरी: "मेहुणीबाईंना सांगितलंय ना आता? वाईट दिसेल."

कुणीतरी: "मतदान गुप्त घेतलं तर बरं."

सिस्टर: "मला केबिनताईच हव्यात. मेहुणी घोरणं सहन करेल याची गॅरंटी कोण देणार???"

मग मतदानच सुरू झालं. फोनवर दोन पट्ट्या, हिरवी मावशीची, करडी फायदा वाटण्याची, आणि त्या हळूहळू लांब होत होत्या. हिरवी पाच. करडी चार. हिरवी सहा. करडी पाच. माणशी किती फायदा होणार होता सांगू? एक निळी सुटकेस येईल तेवढा. ते वाईट लोक नव्हते, मी त्या सगळ्यांना भेटलेय, दातांच्या डॉक्टरांनी मावशीची दाढ एकदा फुकट काढून दिलीये. पण प्रत्येकजण दुसरा काय म्हणतो ते बघत होता.

"मावशी, जिंकतेस तू," मी म्हटलं. "बघ, सात झाले!"

मावशीने डाळीचं ताट खाली ठेवलं, हात पदराला पुसले. तिला टाइप करायला खूप वेळ लागतो, एका बोटाने. मी शेजारी बसून ते बोट बघत होते आणि थांबवू शकत नव्हते, म्हणजे हात धरला असता तर थांबली असती, पण कुठल्या तोंडाने धरू?

तिने लिहिलं: "नमस्कार. गैरसमज झाला. मी येणार नव्हते. पत्रात लिहिल्याप्रमाणे होईल. सोमवारी यादी पाठवते. सर्वांनी पासपोर्टची मुदत तपासावी."

मग एकामागून एक हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली. हेडसरांनी लिहिलं, "ताई, आपल्याबद्दलचा आदर द्विगुणित झाला." सिस्टरने काही लिहिलं नाही.

"का?" मी म्हणाले. "का का का? जिंकत होतीस!"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "बाळा, मी गेले असते ना, तर रोज जेवायला त्यांच्यात बसले असते. आणि प्रत्येकाने मनात म्हटलं असतं, हिच्यामुळे आपलं गेलं. माझ्या घशाखाली घास उतरला असता का?" मग ताट परत मांडीवर घेतलं. "आणि ती मुलगी रजा घेऊन बसलीये."

सोमवारी मी ऑफिसात मुद्दाम गेले. तिने खोडरबराने टिकली पुसली आणि मेहुणीचं नाव लिहिलं. खोडरबर जुना होता, कागदावर काळा डाग पडला, तो ती फुंकर मारून मारून घालवत होती.

त्यानंतरचे दोन महिने तिने ग्रुपचं काम असं केलं की मला बघवत नव्हतं. डॉक्टरांच्या बायकोला लिफ्टजवळची खोली हवी होती, करून दिली. पार्टीत ग्रुपचं नाव लिहिलेला केक मागून घेतला, जो कंपनी देत नाही. मेहुणी एकदा भेटायला आली, बारीकशी, कानात साध्या रिंगा, येताना तिच्या दवाखान्याचं नाव छापलेलं पेन मावशीला द्यायला घेऊन आली. सारखी म्हणत होती, "मला सरांनी आधी काहीच सांगितलं नव्हतं हो ताई." मावशीने तिला अर्धा तास बसवून समजावलं, उलटी आली तर काय करायचं, गालिच्यावरचे मासे, सगळं. मी कूलरपाशी उभी राहून पाणी पीत होते. चार ग्लास प्यायले.

जहाज सुटायच्या दिवशी शनिवार होता, ऑफिस अर्धा दिवस. सगळे गेले तरी मावशी फोनजवळ बसून राहिली, दरवेळी बसते तशी. काका पण आले होते, उगाच, म्हणे रस्त्यात काम होतं. हॉटेलांच्या टेबलावर जायला मावशीचं सामान एका खोक्यात भरून ठेवलेलं. फक्त नकाशे काचेखाली होते अजून.

तीन वाजता फोन वाजला.

"केबिनताई! मी हरवले!" सिस्टर. स्पीकरची गरजच नव्हती.

मावशीने डोळे मिटले. "कुठे आहात? समोर काय दिसतंय?"

"एक पियानो. आणि एक मेला जिना, गोल गोल."

"पाचवा मजला. जिन्याच्या पाठीमागे लिफ्ट आहे, तीन लिफ्ट. मधल्या लिफ्टने सातवर या." ती बोलताना खुर्चीत कलून बसली होती, एक हात हवेत, वळणं घेत. "आलात? बाहेर पडून डावीकडे. गालिचा बघा."

"मासे! डावीकडे तोंडं."

"त्यांच्याबरोबर चाला. लाल पेटी गेली? आता पायरीएवढा उंचवटा येईल, अडखळू नका. त्याच्यापुढे उजव्या हाताला दुसरं दार."

आम्हाला सिस्टरच्या चपला ऐकू येत होत्या. काका श्वास रोखून उभे होते. दार उघडल्याचा आवाज आला, आत मेहुणीचा आवाज, दोघींचं काहीतरी बोलणं. मग सिस्टर परत फोनवर, ह्यावेळी जरा हळू.

"केबिनताई, पलंग दोन आहेत. एक बाल्कनीच्या बाजूला. ही म्हणते, ताईंनी कागदावर कुणाला कुठला लिहिलाय ते विचारा, मी तोच घेईन. काय लिहिलंय?"

मावशीचा हवेतला हात टेबलावर आला, काचेवर, त्या पिवळ्या चौकोनावर.

"काही नाही लिहिलं," ती म्हणाली. "तिला घेऊ दे. बाल्कनीचा."

"बरं. मी दाराकडचा घेते. मला काय, बाथरूम जवळ पडेल."

"सिस्टर." मावशी थांबली. मी तिला असं अडखळताना कधी पाहिलं नव्हतं. "पडदा उघडा ना जरा. काय दिसतंय तेवढं सांगा."

पडदा सरकल्याचा आवाज आला. मावशी फोन इतका घट्ट कानाला दाबून बसली होती की कान लाल झाला.

"काय दिसणार केबिनताई," सिस्टर ओरडली, "पाणी!"

मग तिकडे जोराचा भोंगा वाजायला लागला. मावशी लगेच सरळ बसली. "घाबरू नका, सराव असतो. कपाटातली लाइफ जॅकेटं घ्या, दोघी चौथ्या मजल्यावर जा, तुमच्या कार्डावर अक्षर असेल तिथे उभ्या राहा. लिफ्ट नाही घ्यायची, जिन्याने." फोन कधी कट झाला कळलंच नाही, ती पुढे दोन वाक्यं बोलत राहिली.

काका म्हणाले, "चल, घरी जाऊ."

मावशीने काच उचलायचा प्रयत्न केला. जड होती. मी एका बाजूने धरली, काकांनी दुसऱ्या. सातव्या मजल्याचा कागद काचेला चिकटून बसला होता, कधीतरी सांडलेल्या पाण्याने असेल, कूलर शेजारीच ना. मावशी नखाने कडेकडेने सोडवायला लागली. मी म्हटलं, "मी करू?" ती म्हणाली, "नको, फाडशील तू." आणि मी हात मागे घेतला आणि उभी राहिले.